ओंडक्याखालचा संसार

त्या संध्याकाळी टॉर्किल मॅकफी घरीच बसून राहिला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्याच्या बायकोची, रोनाची, मैत्रीण आली, दोघींनी गुडघेदुखीचा विषय काढला, आणि टॉर्किल टोपी चढवून थेट गावच्या हॉलमध्ये खेळ-समितीच्या सभेला जाऊन बसला. समितीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. हॉलमध्ये हीटर असतो, एवढंच. (हीटर बंद होता. संध्याकाळचा पहिला राग त्याला तिथेच आला.)

टॉर्किल जंगलखात्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला. इतकी वर्षं साहेबांसमोर जो संताप गिळला, तो आता त्याला हप्त्याहप्त्याने बाहेर काढायचा होता. आणि त्या सभेत संतापायला भरपूर माल होता. किलब्रॅकी गाव डोंगरातलं, एका हाकेत संपणारं. पण जुलैच्या दुसऱ्या शनिवारी तिथे खेळ व्हायचे ते आजोबा-पणजोबांपासून. हातोडाफेक, नदीतला धोंडा फेकणं, तलवारीवरचा नाच, संध्याकाळी समोरचा डोंगर चढून उतरायची शर्यत, आणि मुख्य म्हणजे केबर. केबर म्हणजे झाडाचा अख्खा सोट. तो तळहातांवर उभा पेलत धावत जायचं आणि असा भिरकावायचा की हवेत त्याने कोलांटी खाल्ली पाहिजे. या सगळ्याचा मोठा खर्च गावातलं हॉटेल उचलायचं. ते हॉटेल नुकतंच लंडनच्या कुणीतरी विकत घेतलं होतं, आणि बॅगपाइपच्या आवाजाने पाहुण्यांची झोपमोड होते, म्हणून यापुढे एक पैसाही मिळणार नाही असं कळवून टाकलं होतं.

"दुपारी दोन वाजता झोपमोड?" टॉर्किल मागच्या बाकावरून गरजला. "दुपारी झोपायला एवढ्या लांब डोंगरात कशाला येतात हे लोक? लंडनमध्ये गाद्या संपल्या का?"

"यंदा खेळ झाले नाहीत, तर हा शनिवार, खेळांची आपली तारीख, ड्रमफिशला जाईल," इफी मन्रो विणकामातून डोकं वर न काढता म्हणाली. इफी गावची निवृत्त सुईण, चौऱ्याहत्तर वर्षांची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली असल्यामुळे तिला कुणी उलट बोलत नसे. "एकदा गेलेली तारीख परत येत नाही."

ड्रमफिशचं नाव ऐकलं आणि टॉर्किलची कानशिलं तापली. ड्रमफिश म्हणजे खिंडीपलीकडचं गाव, आणि तिथल्या समितीचा अध्यक्ष लॅकलन हा रोनाचा धाकटा भाऊ. थोडक्यात, मेहुणा.

"मग यंदा आपल्या समितीच्या अध्यक्षपदाला उभं कोण राहतंय?" कुणीतरी विचारलं.

नेमक्या त्याच क्षणी टॉर्किलच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. पाय झटकायला तो उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, मी पायाला मुंग्या आल्या म्हणून उठलोय!"

"मुंग्या आल्या तरी उठलास," इफी म्हणाली. "असाच माणूस हवा होता."

घरी आल्यावर रोनाने ते ऐकून घेतलं आणि किटली खाली ठेवली. "अध्यक्ष? तू? अरे, आपल्या नळाचं वॉशर बदलायला तुला दीड वर्ष लागलं."

"नळाला परंपरा नसते!" टॉर्किल म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे लॅकलन. "अभिनंदन, भावोजी! बातमी आली खिंडीतून. तारीख जपून ठेवा हं. आमचा तंबू तयारच आहे, उगाच तुमची धावपळ नको."

टॉर्किलने फोन इतका जोरात आपटला की त्याचं झाकण निखळलं. पण त्या झाकणाबरोबरच त्याचं ठरलं. खेळ होणार म्हणजे होणार.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दारोदार हिंडायला सुरुवात केली. हॉटेलच्या नव्या मॅनेजरने शुभेच्छा दिल्या. गॅरेजवाल्याने एक टायर देऊ केला, तोही वापरलेला. "कुठल्यातरी खेळात लागेलच की," म्हणाला. बेकरीवालीने स्वतःच्या अडचणी इतक्या मन लावून सांगितल्या की टॉर्किल तिच्याकडून सहा पाव विकत घेऊन बाहेर पडला. पाद्रीबुवा म्हणाले, "मी प्रार्थना करीन." टॉर्किल म्हणाला, "विमा कंपनी प्रार्थना घेत नाही हो!" (खरा अडसर विम्याचाच होता. हवेत झाडं फेकणाऱ्या लोकांचा विमा उतरवायचा म्हटल्यावर कंपनीच्या माणसाने फोनवर दोनदा विचारलं होतं, "झाडं?")

होकार एकच आला. तो तालुक्याच्या गावातल्या मिस्टर क्रॉम्बींकडून. क्रॉम्बींचा धंदा अंत्यसंस्काराचा. माणूस अतिशय मऊ, आवाज गादीसारखा. त्यांनी चेक तिथल्या तिथे लिहिला आणि अट घातली की डोंगरशर्यत जिथे संपते, तिथे त्यांचा फलक लागला पाहिजे. मजकूरही तयार होता: 'क्रॉम्बी आणि मुलगे. शेवटी सगळे आमच्याकडेच येतात.'

"हे खेळ आहेत!" टॉर्किल ताडकन म्हणाला. "जिवंत माणसांचे!"

"आमची सगळी गिऱ्हाइकं आधी जिवंतच असतात, मिस्टर मॅकफी," क्रॉम्बी हळुवारपणे म्हणाले, आणि त्यांनी टॉर्किलला वरपासून खालपर्यंत नुसतं पाहिलं. शिंपी पाहतो तसं.

टॉर्किल चेक घेऊन बाहेर पडला आणि घरापर्यंत रस्त्याशी भांडत आला. चेक विम्याच्या निम्म्यालासुद्धा पुरणार नव्हता.

त्यात केबरची नवी भानगड उपटली. जुना केबर आतून कुजला होता. उचलायला गेलं तर हातात भुसा यायचा. टॉर्किलने जुन्या कचेरीतल्या ओळखीने एक लार्च झाडाचा सोट मिळवला. सरळसोट, देखणा, पण ताजा तोडलेला, म्हणजे ओला आणि बेसुमार जड. तो महिनाभर कोरड्या जागी वाळवायला हवा होता. हॉलचं छप्पर गळत होतं. समितीत कुणीतरी सुचवलं की लॅकलनचा गोठा कोरडा आहे.

"आपला केबर? ड्रमफिशच्या गोठ्यात?" टॉर्किलचा आवाज चिरकला. "त्यापेक्षा मी तो माझ्या घरात ठेवीन!"

रागात बोललेलं वाक्य खरं करून दाखवायची टॉर्किलला खोड होती. आणि योगायोग असा की त्याच दिवशी त्याच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी काढलेली होती. ही खिडकी म्हणजे रोनाचं जुनं स्वप्न. जुन्या खिडकीतून वारा, पाऊस आणि एकदा तर शेजाऱ्याची कोंबडी आत आली होती. शेवटी इनस सुताराने नवी, पक्की, दुहेरी काचेची खिडकी आणली होती आणि जुनी चौकट काढून भिंतीला भलंमोठं भगदाड ठेवून तो जेवायला गेला होता. रोना बहिणीकडे गेली होती. मागचं रान मोकळं होतं. टॉर्किलने चार दणकट माणसं गोळा केली आणि सोट भगदाडातून सरळ आत सरकवला: स्वयंपाकघरातून बोळात, बोळातून पुढच्या दारापर्यंत. मागचं टोक स्वयंपाकाच्या ओट्यावर, पुढचं टोक जिन्याच्या चौथ्या पायरीवर. मधून घर. टॉर्किलने सोटावर थाप मारली आणि विम्याच्या माणसाला गाठायला तालुक्याला निघून गेला.

संध्याकाळी परत आला, तेव्हा इनस हत्यारं आवरत होता. नवी खिडकी भिंतीत बसली होती. सिमेंटसकट.

"खिडकी बसवलीस?" टॉर्किलने विचारलं.

"बसवली. छान बसलीय."

"आणि हा ओंडका?"

इनसने ओंडक्याकडे पाहिलं. "आत होता."

"आत होता म्हणजे? तुला वाटलं नाही, हा बाहेर कसा निघणार?"

"मला वाटलं, तुमचं काहीतरी असेल," इनस म्हणाला. "लोकांच्या घरातल्या गोष्टीत मी पडत नाही."

नवी खिडकी उघडत नव्हती. वरचा वीतभर झरोका तेवढा उघडायचा, वाफ जायला. पुढच्या दारातून सोट काढावा, तर दारासमोर अरुंद गल्ली आणि पलीकडे चर्चची भिंत. सोट तिथे वळणं अशक्य. खिडकी परत काढायची तर काच फुटणार, आणि नवी काच इन्व्हरनेसहून येणार, तीही खेळ होऊन गेल्यावर. आणि सोट कापायचा तर केबर जाऊन कुंपणाचे दोन खांब उरणार.

रोना आली. दार अर्धंच उघडलं, म्हणून ती अंग चोरून आत शिरली. ओंडका जिन्यावरून स्वयंपाकघरापर्यंत तिने डोळ्यांनी मोजला. मग खिडकी पाहिली.

"खिडकी सुरेख झालीय," ती म्हणाली.

"रोना, मी समजावून सांगतो..."

"तिला बोट लावलंस तर तुला त्या झरोक्यातून बाहेर काढीन."

"म्हणजे या घरात एका खिडकीला मान आहे आणि शेकडो वर्षांच्या परंपरेला नाही!"

"परंपरेखालून वाकून जा आणि हात धू. जेवायला वाढते."

तेव्हापासून मॅकफींचा संसार ओंडक्याखाली सुरू झाला. बोळातून जाताना वाकायचं, बाथरूमला जाताना ओलांडायचं, आणि चहाचा कप नेताना आधी वाकायचं की आधी ओलांडायचं हे टॉर्किल रोज सकाळी विसरायचा. त्याच्या कपाळावर एक टेंगूळ कायमचं राहायला आलं. रोनाने मात्र तिसऱ्याच दिवशी ओंडक्यावर मोजे वाळत घातले.

"तो केबर आहे!" टॉर्किल ओरडला.

"तो कोरडा आहे," रोना म्हणाली. "या गावात जूनमध्ये कोरडी वस्तू ही एकच."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे, मग एका पावसाळी दुपारी रस्ता चुकलेली पर्यटकांची बस. एक कॅनडियन बाई ओंडक्याला हात लावून गहिवरली आणि म्हणाली, "घराभोवती झाड ठेवतात ते पाहिलं होतं. झाडाभोवती घर पहिल्यांदाच." रोनाने सगळ्यांना चहा दिला, फडक्यात बांधून उकडलेल्या, मनुका घातलेल्या गोड गोळ्याचे काप दिले, आणि ओंडक्याच्या टोकाला बिस्किटांचा रिकामा डबा टांगला. डब्यावर लिहिलं, 'खेळांसाठी.' त्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत डबा दोनदा भरला.

टॉर्किल दिवसभर मदत मागत वणवण करून यायचा, तर त्याच्या खुर्चीत कुणीतरी अनोळखी माणूस चहा पीत बसलेला असायचा. एकदा एका जर्मन गृहस्थाने त्याला दारात अडवून नम्रपणे सांगितलं, "रांग मागून आहे."

"मी इथे राहतो!"

"हो का?" गृहस्थ म्हणाला. "मग तुम्ही टॉर्किल! तुमच्या मिसेसनी सगळं सांगितलंय."

सगळं! टॉर्किलच्या रागाला आता शब्द पुरेनात. त्याने समितीची तातडीची सभा बोलावली. त्याने नवा मार्ग शोधला होता: जिना काढायचा, बोळाची भिंत थोडी पाडायची, आणि ओंडका दिवाणखान्यातून फिरवून बाहेर घ्यायचा. गावच्या अभिमानासाठी तो जिन्यावर पाणी सोडायला तयार होता. (रोनाला त्याने अजून विचारलं नव्हतं.)

समितीने शांतपणे ऐकून घेतलं. मग इफीने सुया खाली ठेवल्या. "विम्याचे पैसे भरले गेलेत," ती म्हणाली. "रोनाच्या डब्यातून. फेकणाऱ्यांच्या बक्षिसांचे जमत आलेत. ओंडका आत आहे तोवर डबा भरतोय. बाहेर काढला, तर तो नुसता ओंडका. कोण बघायला येईल?"

"पण तो केबर आहे! फेकायला आणलाय!"

मत घेतलं गेलं. ओंडका आत ठेवावा या बाजूने सगळे, विरुद्ध अध्यक्ष. म्हणजे आता खेळांना पैसा होता आणि केबर नव्हता.

तेव्हाच लॅकलन स्वतः गाडी घेऊन आला. ओंडक्याखालून वाकून आत आला, बहिणीकडून गोळ्याचे दोन काप खाल्ले आणि म्हणाला, "आमचा केबर घ्या, भावोजी. घरचाच समजा. फक्त त्या दिवशी किलब्रॅकीचा मानकरी मी असेन. बॅगपाइपच्या पुढे चालायचं, माइकवर बोलायचं, बक्षिसं द्यायची. एवढंच."

मानकरी! पिसांची टोपी घालून सबंध मैदानासमोरून चालायचा तो मान टॉर्किलने मनातल्या मनात कितीतरी वेळा उपभोगला होता. त्यासाठी किल्टची, म्हणजे चौकड्यांच्या घागऱ्याची, लांबीसुद्धा त्याने आरशात तपासली होती. तो उठला, बाहेर पडला (जाताना कपाळ आपटलंच) आणि मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने रोना त्याचा कोट घेऊन आली.

"नाही म्हण हवं तर," ती म्हणाली. "तारीख जाऊ दे त्याला."

"जाऊ दे काय म्हणतेस!"

"मग एवढा कशाला चिडतोस? तू तर आयुष्यात एकही बक्षीस घेतलं नाहीस इथे. डोंगरशर्यतीत दर वर्षी शेवटचा यायचास."

"हो. पण लोक थांबायचे," टॉर्किल म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "पाऊस असो, अंधारून येवो. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत सगळं गाव थांबायचं. टाळ्या वाजवायचं. दुसरीकडे कुठे थांबतं गं कुणी शेवटच्यासाठी?"

रोनाने हातातला कोट सारखा केला. मग म्हणाली, "मी पण थांबायचे. तिथेच तर पाहिलं तुला पहिल्यांदा."

"टाळ्या वाजवत होतीस?"

"हसत होते. पण थांबले होते."

टॉर्किलने कोट चढवला आणि घरी जाऊन मेहुण्याला हो म्हणाला. म्हणताना दात आवळलेले होते, त्यामुळे लॅकलनला ते दोनदा विचारावं लागलं.

खेळांच्या दिवशी सकाळी पाऊस, दुपारी पाऊस आणि मध्ये थोडा वेळ गारठा. पण माणसं इतकी लोटली की गाड्या लावायला जागा उरली नाही. अर्धे लोक ओंडका पाहून मैदानावर येत होते, अर्धे मैदानावरून ओंडका पाहायला जात होते. लॅकलन पिसांची टोपी घालून बॅगपाइपच्या पुढे असा चालला की जणू डोंगर त्याच्याच नावावर आहेत. टॉर्किल तंबूचे दोर आवळत होता. ड्रमफिशच्या केबरने हवेत झकास कोलांटी खाल्ली. टॉर्किलने टाळी वाजवली नाही, पण मान हलवली.

मग डोंगरशर्यतीची वेळ झाली आणि माइकवरून लॅकलनचा आवाज घुमला, "अहो, किलब्रॅकीचं कुणी पळणार आहे, की तुमच्या डोंगरावर आमच्याच पोरांनी जायचं?"

टॉर्किलच्या हातातला दोर सुटला. कोट रोनाच्या अंगावर भिरकावून तो किल्ट आणि रोजच्या बुटांवर तरातरा रेषेवर जाऊन उभा राहिला. शेजारी कोण आहे, मागे कोण बुटाच्या नाड्या बांधतंय, हे बघायच्या मनःस्थितीत तो नव्हता. पिस्तूल वाजलं.

पहिला चढ तो निव्वळ संतापावर चढला. दुसऱ्या चढाला संताप पुरेना. माथ्यावर धुकं होतं. तिथल्या दगडाला हात लावून तो उतरायला लागला, तो ओढ्याजवळच्या चिंचोळ्या वाटेवर एक मेंढी आडवी उभी. टॉर्किल थांबला. मेंढी हलली नाही. तो दगडावर टेकला (दम खायला नव्हे, मेंढीशी नीट बोलता यावं म्हणून) आणि त्याने तिला सुनावलं: ही वाट कुणाची आहे, या वाटेवर किती पिढ्या धावल्या, हॉटेलवाले, विमावाले, सुतार, मेहुणे आणि आता मेंढ्यासुद्धा! मधेच धुक्यातून काहीतरी हलक्या पावलांनी शेजारून गेलं. हरीण असावं. शेवटी मेंढी कंटाळून बाजूला झाली.

तो खाली उतरला, तेव्हा अंधारून आलं होतं आणि गाव थांबलेलं होतं. सगळंच्या सगळं, भिजत. टाळ्या सुरू झाल्या. फलकाखाली मिस्टर क्रॉम्बी टोपी काढून उभे होते. "घाई नाही, मिस्टर मॅकफी," ते मऊ आवाजात म्हणाले. "अगदी सावकाश या." टॉर्किलने त्यांच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, रेषा ओलांडली आणि रोनाच्या खांद्याला धरून उभा राहिला. या खेपेला ती टाळ्या वाजवत होती. हसतही होती.

बक्षीस समारंभात जाहीर झालं की तारीख किलब्रॅकीचीच राहिली. हेही जाहीर झालं की ओंडका पुढच्या वर्षापर्यंत हलवायचा नाही. टॉर्किल दुसऱ्या घोषणेवर हरकत घ्यायला तोंड उघडणार, तोच लॅकलन म्हणाला, "आणि आता एक खास बक्षीस. डोंगरशर्यत पुरी करणारे सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक!"

ज्येष्ठ! टॉर्किल भडकला. अजून साठी गाठायची होती त्याला. भर मैदानात वय काढतो म्हणजे काय! पण लोक पाहत होते, आणि आयुष्यातलं पहिलं बक्षीस असं नाकारणं बरं दिसलं नसतं. त्याने किल्ट झटकला, चेहरा शक्य तितका नम्र केला आणि मंचावर जाऊन हात पुढे केला.

"भावोजी, जरा बाजूला होता का?" लॅकलन म्हणाला. "आजींना वर येऊ द्या."

मागून इफी मन्रो येत होती. कोरडे कपडे, विंचरलेले केस, हातात अर्धा प्यालेला चहा. तिने बक्षिसाची व्हिस्कीची बाटली काखेत मारली आणि खाली उतरताना टॉर्किलजवळ क्षणभर थांबली.

"ओढ्यापाशी तुला हाक मारणार होते," ती म्हणाली. "पण तू मेंढीशी भांडत होतास. थोडं ऐकलं मी. मला मेंढीचं म्हणणं पटलं."